सायकल मार्ग : मंजुरीपूर्वी सभागृहाने काय पाहावे?

महापालिकेच्या सभेपुढे येणाऱ्या विषयांत सायकल मार्गाचा विषय नेहमीच किरकोळ वाटतो. उड्डाणपूल, समान पाणीपुरवठा, मेट्रो यांच्यावर तासन्‌तास चर्चा होते. सायकल मार्गाचे पूर्वगणनपत्रक मात्र रस्त्याच्या कामाला जोडलेली एक बाब म्हणून काही मिनिटांत मंजूर होते. त्याला विरोध करणारे आणि त्याचे समर्थन करणारे दोघेही बहुधा एकच वाक्य बोलून खाली बसतात. 'सायकल चालवतो कोण?' असे एक म्हणतो, तर 'पर्यावरणासाठी हे आवश्यकच आहे,' असे दुसरा. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जे प्रश्न विचारायचे राहून जातात, त्यांची किंमत पुढे नागरिकांना मोजावी लागते. पुणे शहराने ती गेल्या दोन दशकांत पुरेपूर मोजली आहे.

हा विषय आज नव्याने महत्त्वाचा ठरतो, याला एक कारण आहे. पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटले होते. प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच असल्यावर छाननी ती काय राहणार? जानेवारी २०२६ मधील निवडणुकीनंतर लोकनियुक्त सभागृहाचा मार्ग मोकळा झाला. सभागृहात प्रश्न विचारणारे आले, तरी प्रश्न कोणते विचारायचे हे ठाऊक असल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही.

प्रस्तावाचा प्रवास

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने महापालिकेच्या कारभाराची तीन अंगे ठरविली आहेत. मुख्य सभा धोरण ठरविते, १६ सदस्यांची स्थायी समिती आर्थिक बाबींवर निर्णय घेते आणि आयुक्त अंमलबजावणी करतात. सायकल मार्गाचा प्रस्ताव या तिन्ही अंगांतून जातो. पथ विभाग आराखडा आणि पूर्वगणनपत्रक तयार करतो, आयुक्तांच्या मान्यतेनंतर निविदा स्थायी समितीपुढे येते आणि विषय धोरणाचा किंवा अनेक वर्षांच्या खर्चाचा असेल, तर तो मुख्य सभेत जातो. सभागृह प्रस्ताव मंजूर करू शकते, उपसूचना देऊन त्यात बदल करू शकते, विषय पुढे ढकलू शकते किंवा तो दप्तरी दाखल करून गुंडाळूनही ठेवू शकते.

मात्र एक महत्त्वाची बाब सभागृहाच्या कक्षेबाहेर राहते. रस्त्यावर वाहने उभी करण्यास मनाई करण्याचे किंवा वाहतूक एकेरी करण्याचे आदेश वाहतूक पोलिसांकडून निघतात. सायकल मार्ग बांधणारी संस्था एक आणि त्यावर मोटार उभी करणाऱ्याला दंड करणारी यंत्रणा दुसरी, अशी ही विभागणी आहे. मोटारचालकाने सायकल मार्गावरून वाहन चालवू नये, असे केंद्रीय नियम सांगतात. तरीही नियम आणि प्रत्यक्ष कारवाई यांच्यातील अंतर पुणेकरांना रोज दिसते. म्हणूनच बांधकामाच्या प्रस्तावासोबत वाहतूक शाखेचे लेखी अभिप्राय जोडलेले आहेत काय, हा छाननीचा पहिला प्रश्न असायला हवा. ते नसतील, तर सभागृह फक्त बांधकामाला मंजुरी देत असते. त्याच्या वापराची हमी कोणीच देत नसते.

दोन दशकांचा अनुभव

केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले आणि २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, तर माणसांना न्याय्य प्रमाणात मिळावी, हे त्या धोरणाचे सूत्र होते. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. बससाठी स्वतंत्र मार्गिका आणि तिच्या जोडीला पदपथ व सायकल मार्ग, अशी त्या रस्त्यांची मूळ कल्पना होती. पुढील काही वर्षांत इतर प्रमुख रस्त्यांच्या कडेलाही सायकल मार्ग झाले.

त्यातील अनेकांची अवस्था काय झाली, हे सांगण्यासाठी अहवालाची गरज नाही. कोठे मार्गाच्या मधोमध विजेचा डीपी, कोठे बसथांब्याची शेड, कोठे झाडाचा पार, तर कोठे दुकानाची पायरी आली. पेव्हर ब्लॉक उखडले, सोसायटीच्या प्रत्येक फाटकापाशी मार्ग खाली उतरला आणि पुन्हा वर चढला. चौक जवळ येताच, म्हणजे सायकलस्वाराला संरक्षणाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच ठिकाणी, मार्ग संपला. परिणामी सायकलस्वार मुख्य रस्त्यावरच राहिला आणि मोकळ्या पट्ट्याचा ताबा दुचाकींनी, हातगाड्यांनी आणि उभ्या मोटारींनी घेतला. त्यानंतर 'मार्ग बांधले तरी कोणी वापरत नाही' हा युक्तिवाद सुरू झाला. वापरता न येणारी वस्तू वापरली जात नाही, हा त्या वस्तूच्या गरजेविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

या पार्श्वभूमीवर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा सभागृहापुढे आला. सुमारे ८२४ किलोमीटरचे जाळे आणि सुमारे ३३५ कोटी रुपयांचा खर्च असे त्याचे स्वरूप होते. सायकलने होणाऱ्या प्रवासाचा वाटा २०३१ पर्यंत एकूण प्रवासाच्या २५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले होते. आधीचे मार्ग नादुरुस्त असताना नवे कशासाठी, अरुंद रस्त्यांवर जागा कोठून आणणार, असे आक्षेप घेतले गेले. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने आराखड्याला मान्यता दिली. त्याच महिन्यात विद्यापीठ परिसर आणि औंध येथे भाड्याच्या सायकलींची योजनाही सुरू झाली. पुढे आणखी कंपन्या आल्या, रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या आणि काही काळाने दिसेनाशाही झाल्या.

आक्षेप घेणारे सगळेच सायकलविरोधी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे प्रश्न रास्त होते. उणीव होती ती त्या प्रश्नांची उत्तरे ठरावात अटींच्या रूपाने उतरविण्याची. 'आधीच्या मार्गांचे काय?' या प्रश्नाचे रूपांतर 'आधीच्या मार्गांची रस्तानिहाय पाहणी सभेपुढे ठेवल्याखेरीज नव्या मार्गाची निविदा काढू नये' अशा उपसूचनेत झाले असते, तर आक्षेपाचे बळ कामाला लागले असते.

बेरीज-वजाबाकी

सायकल मार्गाच्या छाननीत सर्वाधिक उपयोगी पडते ती साधी बेरीज-वजाबाकी. उदाहरण म्हणून २४ मीटर रुंदीचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ मीटरचा पदपथ आणि प्रत्येकी २ मीटरचा सायकल मार्ग धरला, तर ८ मीटर गेले. दुभाजकाला १ मीटर दिला की १५ मीटर उरतात, म्हणजे प्रत्येक दिशेला साडेसात मीटर. साडेतीन मीटरची एक मार्गिका या हिशेबाने त्यात वाहनांच्या दोन मार्गिका व्यवस्थित बसतात आणि अर्धा मीटर शिल्लक राहतो. रस्त्याला समांतर उभ्या केलेल्या मोटारीला दोन मीटरहून अधिक जागा लागते. म्हणजेच अशा रस्त्यावर सायकल मार्ग होऊ शकतो, वाहतूकही सुरळीत चालू शकते. फक्त रस्त्यावर मोटारी उभ्या करता येणार नाहीत.

हा हिशेब मांडला की सभागृहातील वादाचे खरे स्वरूप उघड होते. वाद वरकरणी सायकल आणि वाहतूक यांच्यातील असतो. प्रत्यक्षात तो चालणारी सायकल आणि उभी मोटार यांच्यातील असतो. पुण्याच्या वाहनतळ धोरणाचा इतिहास येथे आठवावा. रस्त्यावर वाहन उभे करण्यासाठी शुल्क आकारण्याचे धोरण मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेपुढे आले, तेव्हा तीव्र विरोधामुळे ते मोजक्या पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक तत्त्वावर मर्यादित करण्यात आले. त्याच वर्षी शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि ती लोकसंख्येलाही ओलांडून गेल्याची चर्चा झाली. एका हाताने सायकल आराखडा मंजूर करायचा आणि दुसऱ्या हाताने वाहनतळ धोरण अडवून ठेवायचे, ही विसंगती कोणा एका पक्षाची नव्हे. मतदाराला दोन्ही गोष्टी हव्या असतात आणि नगरसेवकाला मतदाराला दुखवायचे नसते.

जेथे रस्ता १२ किंवा १५ मीटरचाच आहे, तेथे ही बेरीज जुळणार नाही. तेथे स्वतंत्र मार्गाचा हट्ट धरण्यापेक्षा वाहनांचा वेग कमी करणे, गतिरोधक आणि वळणांची रचना बदलणे किंवा गल्लीतून पर्यायी वाट काढणे अधिक शहाणपणाचे असते. म्हणून आराखड्यातील प्रत्येक रस्त्याचा काटछेद, म्हणजे आडवा छेद दाखविणारा नकाशा, सदस्यांच्या हाती असायला हवा. किलोमीटरचे आकडे पाहून मंजुरी देणे हे घराचा नकाशा न पाहता चौरस फुटांवर व्यवहार करण्यासारखे आहे.

'मार्गिका' आणि 'मार्ग'

प्रस्तावातील शब्दही काळजीपूर्वक वाचावे लागतात. रस्त्यावर पांढरा पट्टा ओढून किंवा रंग देऊन दाखविली जाते ती सायकल मार्गिका. वेगळ्या पातळीवर किंवा मध्ये अडथळा ठेवून केला जातो तो स्वतंत्र सायकल मार्ग. रंगाची मार्गिका स्वस्त असते, लवकर होते आणि पावसाळ्यानंतर तितक्याच लवकर दिसेनाशी होते. २०१७ च्या आराखड्यातील खर्चाला लांबीने भागले, तर किलोमीटरमागे सरासरी ४० लाख रुपये येतात. ही सरासरी दोन्ही प्रकारांना एकत्र करते. त्यामुळे नेमक्या रस्त्यावर काय होणार आहे, हे त्यातून समजत नाही. किती लांबीवर रंग आणि किती लांबीवर स्वतंत्र बांधणी, याची फोड मागणे हा सदस्यांचा हक्क आहे.

तांत्रिक निकषांची उणीव नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्गांच्या रचनेची मानके १९६२ मध्येच प्रसिद्ध केली आणि २०१५ मध्ये त्यांत सुधारणा केली. पुणे महापालिकेनेही २०१६ मध्ये रस्तेरचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. तेव्हा प्रस्ताव या मानकांनुसार आहे काय आणि नसेल तर कोणत्या कारणाने, एवढे दोन ओळींचे निवेदन प्रशासनाकडून मागितले, तरी निम्मी छाननी होते. उरलेली निम्मी चौकांची. सलग सरळ पट्ट्यावर सायकलस्वाराला धोका कमी असतो. डावीकडे वळणारे वाहन आणि सरळ जाणारी सायकल एकमेकांसमोर येतात, तेथे तो वाढतो. चौकाचा तपशील नसलेला आराखडा अपुराच समजला पाहिजे.

त्याच पट्ट्यावर उपजीविका करणाऱ्यांचा प्रश्नही बाजूला सारता येत नाही. पथविक्रेत्यांना २०१४ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षण दिले आहे. अतिक्रमण विभागाची गाडी पाठवून मार्ग दोन दिवस मोकळा होतो आणि तिसऱ्या दिवशी पथारी पुन्हा लागते, कारण त्या व्यावसायिकांना पर्यायी जागा दिलेली नसते. त्यांची जागा आराखड्यातच निश्चित केली, तर संघर्ष टळतो.

तीन ठिकाणचे तीन धडे

छाननी कमी पडली की काय होते, याची उदाहरणे मुंबईत आहेत. पवई तलावाच्या काठाने मुंबई महापालिकेने सायकल मार्गाचे काम सुरू केले होते. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा भंग होत असल्याची तक्रार न्यायालयात गेली आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवून केलेले बांधकाम काढण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकल पर्यावरणस्नेही म्हणून तिचा मार्गही आपोआप पर्यावरणस्नेही ठरतो, हा समज या निकालाने खोटा ठरविला. जागा कोणत्या कायद्याखाली येते, हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीच विचारायचा असतो.

वांद्रे-कुर्ला संकुलातील उदाहरण वेगळे आहे. तेथे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सायकल मार्ग बांधला. रेल्वे स्थानकापासून कार्यालयापर्यंत सायकलने जावे, अशी कल्पना होती. मार्गावर वाहने उभी राहू लागली आणि वापर मागे पडला. अखेर २०२५ मध्ये तो मार्ग काढून वाहनांसाठी रस्ता रुंद करण्याचा निर्णय प्राधिकरणाने घेतला. बांधताना खर्च आणि काढतानाही खर्च. प्राधिकरणाला नगरसेवकांच्या सभागृहापुढे जाब द्यावा लागत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

तिसरे उदाहरण लंडनचे. तेथील केन्सिंग्टन हाय स्ट्रीट या वर्दळीच्या रस्त्यावर २०२० च्या शरद ऋतूत तात्पुरता सायकल मार्ग करण्यात आला. व्यापारी आणि काही रहिवाशांच्या तक्रारी आल्या आणि स्थानिक परिषदेने अवघ्या सात आठवड्यांत तो काढून टाकला. मार्ग परत आणावा म्हणून सायकलप्रेमी न्यायालयात गेले. २०२३ मध्ये परिषदेचा निर्णय कायदेशीर ठरला. निर्णय कायदेशीर असणे आणि शहाणपणाचा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सात आठवड्यांत रस्त्याच्या सवयी बदलत नाहीत. प्रयोग करायचा तर तो किती काळ चालवायचा, कोणती मोजणी करायची आणि कोणत्या निकालावर तो कायम किंवा बंद करायचा, हे सुरू करण्यापूर्वीच ठरले पाहिजे. अन्यथा ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूने निकाल लागतो.

मोजणीचा आग्रह

'सायकल चालवतो कोण?' या प्रश्नाला खरे उत्तर मोजणीतूनच मिळते. पहाटे वृत्तपत्रे टाकणारी मुले, बांधकामावर जाणारे मजूर, घरकामासाठी जाणाऱ्या महिला, सुरक्षारक्षक, शाळकरी विद्यार्थी हे सायकल वापरतात. पण ते सभागृहात निवेदन घेऊन येत नाहीत. व्यायामासाठी सायकल चालविणारे संघटित असतात, त्यांचे म्हणणे ऐकू येते. रोजीरोटीसाठी सायकल चालविणाऱ्याचे म्हणणे ऐकू येण्याचा एकच मार्ग म्हणजे रस्त्यावर सकाळी आणि सायंकाळी केलेली प्रत्यक्ष गणना. मार्ग होण्यापूर्वीची गणना आणि झाल्यानंतर वर्षाने केलेली गणना सभागृहापुढे ठेवण्याची अट ठरावात घातली, तर पुढच्या चर्चेला आधार मिळेल.

देखभालीचेही तसेच. मार्ग बांधण्यासाठी तरतूद होते. झाडलोट, दुरुस्ती, खांब पुन्हा बसविणे यांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असतेच असे नाही. जलवाहिनी किंवा केबलसाठी खोदाई झाल्यावर मार्ग पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, हे निविदेत स्पष्ट नसेल, तर पहिल्या खोदाईबरोबर मार्गाचे आयुष्य संपते. अंदाजपत्रकाच्या वेळी स्थायी समितीने एवढी एक तरतूद पाहिली, तरी बरेच साधेल.

नागरिकांनाही या प्रक्रियेत जागा आहे. अंदाजपत्रकात आपल्या भागातील कामे सुचविण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून रुजली. प्रभाग समितीत प्रश्न उपस्थित करता येतात आणि माहितीच्या अधिकारात आराखड्याची प्रत मागता येते. मंजुरीनंतर निषेधाचे फलक लावण्यापेक्षा मंजुरीपूर्वी काटछेदाचा नकाशा मागणे अधिक परिणामकारक ठरते. दुकानदाराला माल उतरविण्याची जागा हवी असेल, ज्येष्ठांना पदपथ सायकलींपासून मुक्त हवा असेल, तर तेही याच टप्प्यावर सांगायला हवे.

सभागृहाची छाननी म्हणजे प्रस्ताव अडविणे नव्हे, तसेच डोळे मिटून हात वर करणेही नव्हे. रुंदीचा हिशेब, चौकाचा तपशील, पोलिसांचे अभिप्राय, कायदेशीर परवानग्या, विक्रेत्यांची सोय, देखभालीची तरतूद आणि आधी-नंतरची मोजणी या सात बाबी कागदावर आल्या, तर वाईट प्रस्ताव आपोआप गळून पडतील आणि चांगला प्रस्ताव टिकेल. नव्या सभागृहापुढे येणारा प्रत्येक सायकल मार्ग या बाबींवर तपासला जातो की नाही, हे पाहण्याचे काम पुणेकरांचे आहे. कारण सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते. चुकीच्या जागी बसविलेला डीपी मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ रस्त्यात उभा राहतो.